मी पायाळू नव्हतो

हे सांगणं मी वीस-बावीस वर्षं टाळत आलो. सांगायची वेळ आली की उठून पाणी प्यायला जायचो, नाहीतर पीकपाण्याचा विषय काढायचो. आता ज्याला सांगायचं होतं तो राहिला नाही, आणि माझंही वय पंचाहत्तरीच्या पुढं गेलं. म्हणून आज सरळ लिहूनच टाकतो. मी पायाळू नव्हतो. आईच्या पोटातून मी चारचौघांसारखा डोक्याकडूनच आलो.

यात कबूल करण्यासारखं काय आहे, असं एखाद्याला वाटेल. पण आमच्याकडं जे लेकरू पायांकडून जन्मतं ते पायाळू, आणि त्याच्या पायात गुण असतो असं मानतात. कुणाच्या कमरेत उसण भरली, वाकता वाकता चमक निघून कंबर जागीच धरली, की त्याला पालथं निजवायचं आणि पायाळूनं डाव्या पायानं कमरेवर तीनदा दाबायचं. उसण निघते. निदान निघाली असं माणूस म्हणतो आणि पुन्हा कामाला लागतो. मोंढ्यात, म्हणजे आमच्याकडच्या धान्यबाजारात, या पुन्हा कामाला लागण्यालाच खरी किंमत होती.

वसमतच्या मोंढ्यात मी हमाल म्हणून लागलो आणि पुढं टोळीचा मुकादम झालो. ज्यांनी ते काम जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोघं जण आकडे रोवून, कान धरून पोतं उचलतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर देतात. तिसरा वाकून उभा असतो, डोक्यावरून पाठीवर एक रिकामं बारदान सोडलेलं. पोतं बसलं की तो फळीवरून ट्रकात चढतो आणि थप्पीवर टाकताना कमरेतून हिसका देऊन अंग वळवतो. वाकायचं, पेलायचं, वळायचं आणि परत फळी उतरून वाकायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. तेव्हा सोयाबीन, हरभऱ्याचं पोतं क्विंटलाचं असायचं. हळदीचं हलकं, पण ते पोतं फुगीर. पाठीवर धड बसत नाही, वाळलेली कांडी तागातून बोचतात, आणि पोतं सरकलं की माणूस त्याला कमरेनं सावरतो. हरभऱ्यानं माणूस दमतो आणि हळदीनं वाकडा होतो, असं जुने हमाल म्हणायचे.

पण टोळीत कंबर दुखते म्हणायची चोरी होती. कुणी कमरेला हात लावला रे लावला, की चारी बाजूंनी सुरू व्हायचं. "काय गड्या, कितवा महिना?" "डोहाळे कशाचे लागले, ते तरी सांग." हसणाऱ्यांत मीही असायचो. माणूस हात काढून घ्यायचा आणि पोत्याखाली वाकायचा.

मुकादम झालो त्याच वर्षाची गोष्ट. मी दहावी झालेला, चिठ्ठ्या वाचता येणारा, पण अंगानं किरकोळ. टोळीला मी पटलेलो नव्हतो. "वाचता येतं म्हून मुकादम झाला, उचलता येतं म्हून न्हाई," असं एकानं माझ्या तोंडावर म्हटलं होतं. एका दुपारी ट्रक अर्धा भरलेला असताना टोळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या हमालाची कंबर धरली. फळीच्या खालीच तो पोत्यांवर आडवा झाला. मोंढ्यामागच्या गल्लीत एक पायाळू म्हातारी होती, तिच्याकडं माणूस पळाला, तर ती लेकीकडं गेलेली.

"अरे, टोळीत कोणी पायाळू हाय का?" पडल्या पडल्या त्यानंच विचारलं.

टोळीत कुणीच नव्हतं. मी म्हणालो, "मी हाय."

का म्हणालो? त्याचा चेहरा मला पाहवत नव्हता, हे खरं. सगळी टोळी माझ्याकडं बघत उभी होती, हेही खरं. यातलं जास्त खरं कोणतं, ते मला अजून ठरवता येत नाही.

"मग इतके दिवस गप काहून बसला, बाबा?" म्हातारा म्हणाला. मी चप्पल काढली, त्याच्या कमरेवर डावा पाय ठेवला आणि तीनदा दाबला. तो थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग कुशीवर वळला, गुडघे टेकले आणि उठून उभा राहिला. "गेली!" टोळीत एकच हशा आणि शिट्ट्या. कुणी म्हणालं, "मुकादम, पायाळूला जमिनीतलं धन दिसतं म्हणतात. अडत्याच्या गादीखाली बघा बरं काय हाय." त्या दिवसापासून मला मुकादम म्हणताना कुणाचं तोंड वाकडं झालं नाही.

आठ-पंधरा दिवसांत ही गोष्ट घरी पोहोचली. गल्लीतल्या दोन बाया पायाळूचं घर विचारत आल्या. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यांच्यासमोर ती काही बोलली नाही. मी दोघींना पाय दिला, त्या गेल्या. मग मायनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू डोक्यानं आला व्हतास. सरळ. काहून सांगून राहिलास लोकाला?"

"लोकाला बरं वाटतंय, माय."

"वाटू दे. पण कोणाच्या दुखण्यावर उभा राहू नको, लेकरा." एवढंच म्हणाली. पुढं कधी तो विषय तिनं काढला नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही.

आता माझ्या कामातल्या जोडीदाराचं सांगतो. तो हट्टा गावचा. आम्ही एकाच आठवड्यात मोंढ्यात लागलो. सुरुवातीला आम्ही दोघं मिळून उचल द्यायचो, नंतर मी मुकादम झालो आणि तो पाठीवर पोतं घेणाऱ्यांत गेला. उंच, हाडापेरानं दणकट, बोलायला मऊ. वाकण्याआधी पोत्यावर हाताची थाप मारायचा, बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि म्हणायचा, "चल बाबा." थप्पीचे वरचे थर कुणी घ्यायला तयार नसायचं, ते हा न बोलता घ्यायचा. दुपारच्या भाकरीला आमची जागा ठरलेली होती. त्याच्या घरची जवसाची चटणी माझ्या आवडीची, पण मला लसूण चालत नाही. हे त्यानं एकदा घरी सांगितलं असेल. तेव्हापासून त्याच्या फडक्यात बिनलसणाच्या चटणीची एक वेगळी पुडी असायची. वहिनींनी मला तोवर पाहिलंही नव्हतं. अशी किती वर्षं ती पुडी येत राहिली.

ते वर्ष हळदीचं होतं. उन्हाळा वर आला तसा मोंढा पोत्यांनी भरून गेला. गाड्या वारंगा फाट्याच्या रस्त्याला रांगेनं लागायच्या. अशा एका सकाळी जोडीदार मला शेडच्या मागं घेऊन गेला.

"जरा पाय दे रे. कंबर धरून राहिली."

मी दिला. तो उठला, झटकला आणि कामाला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो रोजचाच परिपाठ झाला. तो आधी येऊन रिकाम्या बारदानांवर पालथा पडायचा, मी पाय द्यायचो, मग हात धरून उठवायचो. एकदा म्हणाला, "मुकादम, हे कमरेचं न्हाई वाटत. इथून निघतंय आणि पार अंगठ्यापर्यंत जातंय. पायात वीज उतरल्यावाणी."

"उसण उतरून राहिली," मी म्हणालो. "खाली उतरते आणि मग निघून जाते."

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. त्या क्षणी सुचलं ते बोललो, आणि त्यानं मान डोलावली. गुणवाल्यानं सांगितलं म्हटल्यावर प्रश्न मिटला. त्या माणसानं माझ्या पायावर इतका भरवसा ठेवला की मलाही हळूहळू वाटायला लागलं होतं, असेलही काही. खोटं पुष्कळ दिवस वापरलं की ते हाताला बसतं.

पण कानाला कळत होतं. फळीवर चढताना त्याची डाव्या पायाची चप्पल आता फटफट वाजायची. मग ती गळून पडायला लागली. दोन-तीनदा तो अनवाणीच वर गेला आणि येताना चप्पल उचलून आणली. कुणीतरी ओरडलं, "अरे, चप्पल नवऱ्याला सोडून चालली बघ!" तो हसला. मी हसलो नाही. पण थांब असंही म्हणालो नाही. हंगाम ऐन भरात होता, आणि वरचे थर घेणारा दुसरा माणूस टोळीत नव्हता. तो बसला असता तर आमची टोळी मागं पडली असती आणि आमच्या दुकानांचं काम दुसऱ्या टोळीकडं गेलं असतं. हा विचार मी केला होता. तेव्हा सुचलं नाही असं मी म्हणणार नाही.

मग एक दिवस वहिनी मोंढ्यात आल्या. बायकांनी मोंढ्यात यायचा रिवाज नव्हता, तरी आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. नवरा ट्रकात होता, म्हणून सरळ माझ्याकडं आल्या. मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांनीच सांगितलं, "मी चटणीवाली."

मग म्हणाल्या, "भाऊजी, ह्यायला चार रोज सुट्टी द्या. रातच्याला कूस बदलता येईना. नांदेडला नेऊन दाखवते म्हणते तर ऐकत न्हाईत. मुकादम पाय देऊन राहिला म्हणतात, मग दवाखाना कशाला. तुमी सांगितलं तर ऐकतील."

त्यांचं बोलणं बरोबर होतं. मी सांगितलं असतं तर तो ऐकला असता. त्यासाठी एक वाक्य पुरेसं होतं.

मी म्हणालो, "वहिनी, उसणीचं औषध दवाखान्यात नसतं. मी हाय ना. एवढा आठवडा जाऊ द्या."

त्यांनी पिशवीतून भाकरीचं फडकं काढून माझ्या हातात दिलं, "विसरून आले होते ते," म्हणाल्या आणि बसस्टँडच्या दिशेनं गेल्या. दुपारी फडकं सोडलं तर आत माझी पुडी होतीच.

आठवडा पुरा झाला नाही. चौथ्या की पाचव्या सकाळी तो शेडच्या मागं आला, तेव्हा त्याचा रंग उडालेला होता. हळू आवाजात म्हणाला, "मुकादम, कालपासून लघवी होईना. आणि बसायची जागा बधिर पडली. ती माझी न्हाईच असं वाटतंय." आणि असं म्हणून तो सवयीनं बारदानांवर पालथा पडला. "एकदा जोरात दे. मोकळं होईल."

मी चप्पल काढली. पाय उचलला. पण तो पाय माझ्याच्यानं खाली ठेववेना. किती वेळ मी तसा एका पायावर उभा होतो कोण जाणे. तो म्हणाला, "दे ना." मी म्हणालो, "न्हाई. ऊठ. नांदेडला जायचं."

त्याला टेम्पोत हळदीच्या रिकाम्या पोत्यांवर निजवून नेलं. दवाखान्यात फोटो काढले, मशीनमध्ये घातलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी त्याच्या पायाला टाचणी टोचून पाहिली, अंगठा वर उचलायला सांगितला. अंगठा उचलेना. मग त्यांनी विचारलं, "कमरेवर कोणी पाय-बिय दिला होता का? खेड्यात देतात तसा?"

मी त्याच्या पायथ्याशी उभा होतो. तोंड उघडलं होतं.

"न्हाई साहेब," तो छताकडं बघत म्हणाला. "कोणीच न्हाई."

मला वाचवायला तो खोटं बोलला. वेदनेनं घाम आलेला, लघवीची नळी घातलेली, आणि त्याला काळजी मुकादमाची. मी माझं तोंड मिटून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. दोन मणक्यांमध्ये गादी असते. वाकून ओझं पेलायचं आणि त्याच अवस्थेत अंग वळवायचं, असं वर्षानुवर्षं केलं की ती गादी झिजते, फाटते. तिचा तुकडा बाहेर येऊन शिरांवर दाबला गेला होता. पायात कळ उतरायला लागली तेव्हाच विश्रांती देऊन तपासायला हवं होतं, म्हणाले. "महिनाभरापूर्वी आणला असता तर मी वेगळं काही बोललो असतो."

माझ्या पायानंच ती गादी फुटली, असं ते म्हणाले नाहीत. म्हणणार कसे, त्यांना पाय माहीतच नव्हता. मीही पुढं कितीदा स्वतःला बजावलं, की ओझ्यानं झालं, कामानं झालं, मी तर फक्त तीनदा दाबायचो. ते असेलही. पण महिनाभर त्याला दवाखान्यापासून कुणी अडवलं, याचं उत्तर दुसरं निघत नाही.

ऑपरेशन झालं. लघवी काही आठवड्यांनी सुरळीत झाली. डावं पाऊल मात्र कायमचं लोंबतं राहिलं. चालताना पाय गुडघ्यातून उंच उचलून टाकावा लागायचा. वहिनींनी त्याच्या चपलेला मागून पट्टा शिवला, म्हणून चप्पल पायात राहायची. पोतं उचलणं संपलं. मग त्यानं घरी बसून फाटकी बारदानं शिवायचं काम धरलं. मोंढ्यातून फाटकी बारदानं मी टेम्पोत घालून हट्ट्याला न्यायचो आणि शिवलेली परत आणायचो. हे वीसेक वर्षं चाललं. मी मुकादमकी सोडली तरी ही खेप सोडली नाही.

त्या हंगामानंतर मोंढ्यात मी कुणाला पाय दिला नाही. कुणी मागितला तर म्हणायचो, जोडीदार पडल्यापासून मन होत नाही. पायात कळ उतरते म्हणणाऱ्याला मी त्याच दिवशी बसवायचो, आणि वरचे थर सगळ्यांनी पाळीपाळीनं घ्यायचे असा नियम केला. टोळीनं कुरकुर केली, मग अंगवळणी पडलं. आता तर पोती पन्नास किलोची झाली आणि काही गोदामांत सरकता पट्टा आलाय. हे सगळं मी अभिमानानं सांगत नाही. नियम करणं सोपं होतं. खरं सांगणं तेवढं राहिलं.

एकदा मात्र जवळ आलो होतो. तो ओसरीवर दाभण घेऊन बसलेला, मी शेजारी बारदानं झटकत होतो. म्हणालो, "तुला एक सांगायचंय."

"सांग. पण आधी ही सुतळी ओवून दे. डोळे गेले साले."

मी सुतळी ओवून दिली. तो शिवता शिवता म्हणाला, "काल पाहुणे आले होते. त्यांना सांगत होतो, मुकादमाचा पाय नसता तर मी त्या हंगामात पहिल्या आठवड्यालाच पडलो असतो. महिनाभर चालवलं त्या पायानं मला." मग माझ्याकडं बघून, "हां, काय सांगणार व्हतास?"

"हेच की सुतळी कमी पडून राहिली तुला. पुढच्या खेपेला मोठा गुंडा आणतो."

"हे सांगायला एवढं तोंड काहून पाडलंस? मला वाटलं, मोंढ्यात कोणी मेलं."

दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. वहिनी हळदीच्या रानात कामाला जायच्या, दिवसभर वाकून गड्ड्याच्या मुळ्या आणि माती काढायच्या. भरलेलं टोपलं एकटीनं उचलायला गेल्या आणि कंबर धरली. "मोंढ्यातल्या लोकाला नको देऊ," तो फोनवर म्हणाला, "पण हिला दे. लवकर ये."

मी गेलो. वहिनी ओसरीत गोधडीवर एका कुशीवर पडून होत्या. मला पाहून पदर सावरायला लागल्या तर कळ आली. "या भाऊजी," तशातही म्हणाल्या. जोडीदारानं माझ्यासाठी पाट सरकवला, पाय धुवायला तांब्या ठेवला. सगळी तयारी होती. बोलायचंच होतं तर ती वेळ होती.

मी म्हणालो, "माझा गुण गेला."

"म्हणजे?"

"वय झालं. आता पायात काही राहिलं न्हाई. टेम्पो घेऊन आलोय, यांना दवाखान्यात नेऊ. आताच."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता विचारेल, आता कळेल याला. पण त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलच वाईट वाटलेलं दिसलं. काठी बाजूला ठेवून तो माझ्यासमोर खाली बसला, आपलं लोंबतं पाऊल हातानं उचलून बाजूला घेतलं, आणि माझा डावा पाय दोन्ही हातांत धरला. "गुण बी म्हातारा होतो, मुकादम," म्हणाला. "लई लोकाचं भलं केलं या पायानं. जाऊ दे. मनाला लावून घेऊ नको." आणि त्यानं पायाला हात लावून तो कपाळाला नेला.

हात कपाळाला पोहोचेपर्यंत मी बोलू शकलो असतो. नाही बोललो. "काय करून राहिलास!" म्हणून पाय ओढून घेतला आणि टेम्पो सुरू करायला गेलो.

वहिनी बऱ्या झाल्या. दवाखान्यात त्यांना काही दिवस आराम सांगितला, गोळ्या दिल्या, आणि मग उचलायचं कसं ते शिकवलं. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात बसायचं, वजन अंगाशी धरायचं, वळायचं तर पाय वळवायचे, कंबर नाही. जोडीदार खाटेवर बसून बघत होता. "साठ वर्षं उचलल्यावर आता उचलायला शिकवून राहिले हिला," म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "तुमाला शिकवलं असतं तर तुमी शिकला असतात का?" तो माझ्याकडं बघून हसला. "ह्यानं सांगितलं असतं तर शिकलो असतो."

या उन्हाळ्यात तो गेला. ताप आला, छातीत उतरला, आठ दिवसांत संपलं. मी आदल्या दिवशी जाऊन आलो होतो. तो झोपेत होता, म्हणून उठवलं नाही. त्यावेळी मला बरंच वाटलं होतं, की चला, झोपलाय.

दहाव्याला हट्ट्याला गेलो. मांडवात माणसं बसली होती. त्याचा एक पुतण्या, तिशी उलटलेला, हळद शिजवायच्या यंत्रावर काम करतो. तो माझ्याजवळ आला. चालताना एका बाजूला झुकत होता.

"आबा, चार रोज झाले उसण भरून. तुमी पाय देत न्हाई आता म्हणतात, पण माझ्यासाठी द्या. काका सांगायचे, तुमी त्यांना महिनाभर पायावर उभं ठेवलं."

मी विचारलं, "कळ कुठवर जाते?"

"मांडीच्या मागून. पोटरीपर्यंत."

"आजच नांदेडला जा. यंत्रावर जाऊ नको."

"द्या ना आबा. तुमचा पाय म्हणजे..."

"मी पायाळू नाही," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण शेजारच्यांनी माना वळवल्या. "कधीच नव्हतो. मी डोक्यानं जन्मलोय. तुझ्या काकाला महिनाभर मी फसवलं."

मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "जोडीदार गेला ना त्यांचा. दुःखानं बोलून राहिले." दोघा-तिघांनी माना हलवल्या. कुणीतरी मला पाणी दिलं. पण पुतण्या माझ्याकडं टक लावून बघत होता, आणि दुपारी तो नांदेडच्या बसमध्ये बसला, हे मी स्वतः पाहिलं.

वहिनी घराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. माणसं जेवून उठल्यावर मी त्यांच्याकडं गेलो. हात जोडले. म्हणालो, "वहिनी, तुम्ही मोंढ्यात आला होतात त्या दिवशी..."

"मला आठवतंय," त्या म्हणाल्या.

"मला तुमची..."

त्यांनी हातानं थांबवलं. रागानं नव्हे. थकलेल्या होत्या. "मला काहून सांगता आता, भाऊजी? मी मागितलं ते तुमी दिलं न्हाई, ते मी कधीच सोडून दिलं. पण हे जे बोलून राहिलात, ते त्यायचं व्हतं. त्यायला द्यायचं व्हतं." आणि आत जाऊन त्यांनी मला भाकरी बांधून दिली.

ते त्याचंच होतं. म्हणून त्यालाच लिहितो. त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या चिठ्ठ्या मीच वाचून दाखवायचो.

गड्या, मी पायाळू नव्हतो. टोळीनं मला मुकादम मानावं म्हणून खोटं बोललो, आणि मग ते खोटं तुझ्या कमरेवर रोज सकाळी ठेवत गेलो. उसण खाली उतरते, असं काही नसतं. तुझा पाय ओढायला लागलेला मला दिसत होता. वहिनींबरोबर तुला जाऊ द्यायला हवं होतं. तू गेला असतास तर थप्पीचे वरचे थर कुणी घ्यायचे, हा विचार मी केला. आणि दवाखान्यानं तुला बरं केलं तर माझ्या पायाची काय लाज राहील, हासुद्धा केला. डॉक्टरांपुढं तू माझ्यासाठी खोटं बोललास, तेव्हा मी पुढं होऊन खरं बोलायला हवं होतं. तू माझा पाय हातात घेतलास तेव्हा तुझा पाय मी हातात घ्यायला हवा होता. माझी चूक झाली. मला माफ कर.